लाल बासनातला अर्ज

१ नोव्हेंबर १८८३, पाडवा. ठाणे.

ही वही कॉलेजात व्याख्यानं उतरून घ्यायला आणली होती. पुढची तेवीस पानं फारशीच्या व्याकरणाने भरली आहेत, बाकी सगळी कोरी. आज ती उलटी धरून मागून सुरुवात करतो. आईला वाचता येत नाही आणि घरात तिसरं कुणी नाही, तेव्हा इथे खरं लिहायला हरकत नाही.

कल्याणहून बोलावणं आलं नाही. लग्नाला सात वर्षं झाली. दर दिवाळीला सासऱ्यांचा गडी नारळ घेऊन यायचा. यंदा गडीही नाही, नारळही नाही. सासरे महिपतराव तिथल्या कोर्टात वकील. जूनमध्ये त्यांचं एका ओळीचं पत्र आलं: ‘बी. ए. होईपर्यंत मुलगी पाठवली जाणार नाही.’

मी कॉलेज सोडलं मार्चात. प्रोफेसर भर वर्गात म्हणाला, या देशातल्या माणसाच्या तोंडून खरं काढायचं तर दोन साक्षीदार आणि एक छडी लागते. मी पुस्तक त्याच्या टेबलावर आपटलं. दौत उडाली आणि शाई त्याच्या कोटावर गेली, हे माझं दुर्दैव. माफीचं पत्र लिही म्हणाले. लिहिलं नाही. आजही लिहिणार नाही.

ओवाळताना आई म्हणाली, “दोन ओळी खरडल्या असत्यास तर आज सून दारात उभी असती.” मी पाटावरून उठलो. चिरोटे तसेच राहिले. (संध्याकाळी दोन खाल्ले.)

तिला शेवटचं पाहिलं गेल्या वर्षी गौरीत. झोपाळ्यावर पाठमोरी बसून कुणाला तरी चिडवत हसत होती. मला पाहून आत पळाली, पण हसू अर्धं बाहेरच राहिलं. ते अजून माझ्या कानात आहे. लग्नात ताम्हनातल्या तांदळांवर अंगठीने मी ‘सुमती’ लिहिलं होतं. पण माहेरी ती कलावतीच, सगळे कला म्हणतात. मी दिलेलं नाव त्या घरात कुणी उच्चारत नाही.

६ नोव्हेंबर

काम मिळालं. तळ्यापलीकडे पारशाच्या बंगल्याच्या पडवीत दाऊद फकी मुन्शींचा वर्ग आहे. विलायतेहून आलेल्या साहेबलोकांना ते हिंदुस्थानी शिकवतात, बोलायला आणि उर्दू वाचायला. मुन्शी कल्याणचे, रोज आगगाडीने येतात. सध्या तीन विद्यार्थी: रेल्वेचा एक म्हातारा इंजिनिअर, मिशनची एक मड्डम, आणि एलवुडसाहेब, असिस्टंट कलेक्टर. तो माझ्याहून फार तर तीन वर्षांनी मोठा असेल. जानेवारीत त्याची सरकारी परीक्षा आहे.

मुन्शींनी मला एक पान लिहायला दिलं. बोरू घेऊन लिहिलं. ते बराच वेळ पाहत राहिले. “हे कुणी शिकवलं?”

“आजोबांनी. पुढे कॉलेजात.”

“कॉलेज का सोडलंत?”

“भांडण झालं.”

“इथे भांडायचं नाही. इथले विद्यार्थी छडी मारत नाहीत, बदली करतात.”

त्यांनी लगेच कामाची रीत सांगितली. “साहेब सहा महिन्यांत भाषा शिकतो, विश्रामराव. पहिले तीन महिने नुसते हुकूम सोडतो. चौथ्यात प्रश्न विचारायला लागतो. सहाव्यात उत्तर ऐकतो. एलवुडसाहेब चौथ्यात आहेत.”

१२ नोव्हेंबर

परीक्षेत साहेबाला एक खराखुरा हस्तलिखित अर्ज देतात, अर्जनवीस लिहितात तशा मोडक्या, धावत्या अक्षरातला. तो न अडखळता वाचून त्यावर काय हुकूम करशील ते सांगायचं. यासाठी मुन्शींपाशी कागद बांधून ठेवायची दोन बासनं आहेत. पांढऱ्यात गावच्या लोकांचे खरे अर्ज, जे ते दुपारी कचेरीपुढच्या पिंपळाखाली लिहून देतात. लाल बासनात सरावाचे. हे दोन्ही एकत्र व्हायचे नाहीत, हा पहिल्या दिवसाचा दंडक.

लाल बासनातले अर्ज जुने झाले आहेत. चोरलेल्या बैलाचा अर्ज इंजिनिअरसाहेब डोळे मिटून म्हणतो. मुन्शी म्हणाले, “नवे लिहा. बांधाचं भांडण, विहीर, म्हैस. मनाने रचा, पण खरे वाटले पाहिजेत.”

आज तीन रचले. तिन्ही मेलेले वाटले. म्हशीचा त्यातल्या त्यात बरा.

हल्ली सूर्य बुडाल्यावरही आकाश तासभर लालभडक राहतं. लोक तळ्याच्या काठी उभे राहून पाहतात, कुणी म्हणतं कुठे तरी समुद्रात डोंगर फुटला. मला काही नवल वाटत नाही. माझ्या आत वर्षभर असंच आहे.

१९ नोव्हेंबर

हौसाबाई कासारीण आली. ती कल्याणची, घरोघर आत जाऊन बांगड्या भरते, सासऱ्यांकडेही. आईला बांगड्या भरत होती तेव्हा मी उंबऱ्यात उभा राहिलो.

“बसा की जावईबापू, तुमच्या हातात नाय भरत.”

“तिकडचं काय?”

“समदं बरं हाय. कलाताय चांगली गुटगुटीत झालीय.”

“रडते का?”

“रडंल कशापायी? बांगडी फुटून रगत आलं तरी हूं का चूं करत नाय ती पोर.”

हे ऐकून काळजाला घरं पडली. जी रडतसुद्धा नाही, तिचं दुःख किती खोल असेल!

जाताना म्हणाली, “पाटीवरच्या पेन्शिली द्या दोन. ठाण्याची पेन्शील बरी, आमच्याकडची ठिसूळ. आन कोरा कागद असंल तर त्यो बी.” बांगड्या गुंडाळायला हवा असेल. याच वहीची चार पानं फाडून दिली. पेन्सिली कशाला ते विचारलं नाही, तिला नातवंडं असतील.

२० नोव्हेंबर

झोप नाही. काम नाही. आईशी भांडण.

२६ नोव्हेंबर

आज एक अर्ज लिहिला आणि तो जिवंत आहे.

अर्जदार ठाण्याचा कुणी गोविंदा. त्याची बायको सुमती. तिच्या बापाने, कल्याणच्या महिपतराव वकिलाने, तिला कोंडून ठेवली आहे. ती अन्न खात नाही, दिवसरात्र रडते, खिडकीच्या गजाला धरून उभी असते. गरीबपरवर हुजुरांनी तिची सुटका करावी. पानभर लिहिलं, बोरू एकदाही थांबला नाही.

माझं नाव बदललं. त्यांचं नाही बदललं. का बदलू? लाल बासनात राहायचं आहे, ते थोडंच वाचणार? पण साहेब रोज तोतरत ‘महिपतराव जुल्म करता है’ म्हणतील, आणि ते मी ऐकेन. तेवढं सुख तरी मला मिळायला हरकत नाही.

३ डिसेंबर

एलवुडसाहेबाने तो अर्ज पहिल्या झटक्यात वाचला! एका शब्दाला अडला नाही. त्याचे कान लाल झाले. “मुन्शीजी, यह आदमी अच्छा लिखता है!” मग पुन्हा वाचला, सावकाश. म्हणाला, “बेचारी.” लाल बासनातले अर्जही खऱ्या माणसांचेच, असा त्याचा समज दिसतो.

मला वाटलं उठून त्याच्या पाया पडावं.

मुन्शी सबंध वेळ माझ्याकडे पाहत होते. वर्ग सुटल्यावर विचारलं, “महिपतराव वकील माझ्या मोहल्ल्यापासून दोन गल्ल्यांवर राहतात. हे नाव कुठून सुचलं?”

“सहज.”

“सहज सुचलेलं नाव उद्या खोडा.”

खोडेन म्हणालो.

७ डिसेंबर

खोडलं नाही. आणि आता खोडता येणार नाही.

साहेब उद्या हिवाळी दौऱ्यावर निघतोय, पहिला मुक्काम कल्याण. आज वर्गात त्याने आपली कचेरीची दप्तरं टेबलावर पसरली होती. मुन्शी मड्डमला शिकवत होते. साहेबाने सराव म्हणून लाल बासनातले दोन-तीन कागद उचलले, आणि बोलता बोलता माझा अर्ज कचेरीच्या कागदांत गेला. पट्टेवाल्याने दप्तर बांधलं.

मी पाहिलं. माझ्यापासून चार हातांवर होतं ते. तोंड उघडायला किती वेळ लागला असता? ‘साहेब, तो कागद आमचा’, एवढंच. उघडलं नाही. गाठ बसेपर्यंत पाहत राहिलो. मग वाटलं, देवाच्याच मनात असेल.

हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं. देवाला मध्ये घालायचं कारण नव्हतं.

१३ डिसेंबर

कल्याणच्या मुक्कामाहून स्वार आला. साहेबाने अर्जावर चौकशी काढली आहे. परवा स्वतः वकिलाच्या घरी जाणार. मुन्शींनी यावं आणि सोबत लिहिणारा आणावा, असा हुकूम.

मुन्शींनी चिठ्ठी वाचली आणि लाल बासन सोडून एकेक कागद मोजला. मग माझ्याकडे वळले. आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं.

“पंचवीस वर्षं हा वर्ग चालवतो. सरकारी दप्तरात बनावट अर्ज घातला हे कळलं तर माझी सनद जाईल. घरात सात माणसं खाणारी आहेत.”

“मी घातला नाही. साहेबानेच उचलला.”

“आणि तुम्ही?”

मी जमिनीकडे पाहिलं.

“साहेबाला सांगतो मी,” ते म्हणाले.

“नका! एकदा तिला विचारू दे तरी. ती खरं सांगेल. मग अर्ज खोटा कसा ठरेल?”

ते माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसे पाहत राहिले. “विश्रामराव, ती रडते हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मला माहीत आहे.”

त्यांनी बासनाची गाठ मारली, इतकी घट्ट की त्यांची बोटं पांढरी झाली. “चला तर. मीही ऐकतो.”

१५ डिसेंबर

सगळं जसं झालं तसं लिहितो.

सकाळच्या गाडीने कल्याण. शेनाळे तळ्याकाठी आमराईत साहेबाचे तंबू. तिथून साहेब घोड्यावर, आम्ही पायी. साहेब खुशीत. “आज एक लफ्ज अंग्रेजी नहीं!” परीक्षेआधी त्याला खरी चौकशी हिंदुस्थानीत करून पाहायची होती. मी दौत आणि कागद घेऊन मागे.

सासरे ओटीवर पागोटं घालून उभे. मी पायरीच्या खाली थांबलो. त्यांची नजर माझ्यावरून गेली, थांबली नाही.

साहेबाने अर्ज पुढे केला. त्यांना उर्दू येतं हे मला ठाऊक नव्हतं. सबंध वाचला, शेवटून पुन्हा पहिल्या ओळीकडे गेले. “अर्जदार कहाँ है, हुजूर?”

“हाज़िर नहीं.”

“अक्षर सुंदर आहे,” ते मराठीत मुन्शींना म्हणाले. “चांगली फारशी शिकलेला माणूस दिसतो. असा माणूस कॉलेजात असायला हवा होता.”

मुन्शींनी हे भाषांतर करून सांगितलं नाही.

“मुलगी घरी आहे आणि अजून वर्षभर राहील,” ते पुढे म्हणाले. “त्याला एक कारण आहे. ते मी जावयाला सांगेन, अर्जदाराला नाही.”

हे मुन्शींनी सांगितलं. साहेब म्हणाला, “लड़की से पूछेंगे. सुमती को बुलाओ.”

घरात कुणी हललं नाही. गड्याने इकडेतिकडे पाहिलं. मग सासरेच म्हणाले, “कला, दाराशी ये.” दाराआड बांगड्या वाजल्या. मला फक्त पायाची बोटं दिसत होती.

साहेबाने घसा साफ केला. परीक्षेत विचारावं तसा एकेक शब्द सुटा. “तुम... दिन रात... रोती हो?”

मुन्शींनी मराठीत विचारलं.

“नाही.” तोच आवाज. झोपाळ्यावरचा.

“खाना नहीं खाती?”

“दोन वेळ जेवते. काल मटार-भात होता, तिसऱ्यांदा घेतला.”

आतून कुणी तरी हसलं. साहेबाने कागदावर बोट ठेवलं. “खिड़की... गज पकड़ के?”

“आमच्या खिडकीला गज नाहीत.”

खरंच नव्हते. मी मान वर करून पाहिलं. सात वर्षं त्या घरी जातोय, आणि गज मी लावले.

मग साहेबाने अर्ज खाली ठेवला आणि आपल्या मनाने विचारलं, “शौहर के पास जाना चाहती हो?”

बोटं आत गेली, पुन्हा बाहेर आली.

“हे साहेब विचारतायत, की त्यांनी विचारलंय?”

मुन्शी म्हणाले, “साहेब विचारतायत.”

“मग साहेबांना काय सांगायचं? ज्याने विचारायचं त्याने अजून विचारलेलं नाही.”

साहेब हे ऐकून मागे टेकला. मग अर्ज उचलला आणि हसला. वाईट हसला असं नाही, दमल्यासारखा. “सब झूठ. इस मुल्क में...”

पुढचं त्याने म्हटलंच नाही बहुधा. पण मी ऐकलं. प्रोफेसराच्या आवाजात ऐकलं. दौत माझ्या हातातून पायरीवर आदळली.

“अर्ज माझा आहे,” मी ओरडलो. इतक्या मोठ्याने की समोरच्या ओटीवरची माणसं उभी राहिली. “मैंने लिखा, हुजूर. सरावाचा कागद होता. आपल्या दप्तरात जाताना पाहिला आणि गप्प बसलो. मुन्शीजी को मालूम नहीं था. झूठ मैंने लिखा है, मुल्क ने नहीं!”

साहेब उभा राहिला. त्याचा चेहरा आधी पांढरा, मग लाल. मुन्शींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पायरीवरून शाई ओघळत होती. शेवटी त्याने स्वतःचा टाक काढून अर्जावर उर्दूत एक शब्द लिहिला: ‘खारीज’. शुद्ध, वळणदार. मुन्शींना म्हणाला, “कल से यह आदमी क्लास में नहीं.” आणि घोड्यावर बसून गेला.

गड्याने तांब्या आणि गूळ आणला. सासरे म्हणाले, “जावईबुवा, पाणी घ्या.”

उपहास करायला हीच वेळ सापडली त्यांना! मी पाणी न पिता निघालो. दाराकडे पाहिलं नाही. पाहायचा धीर नव्हता, हे इथे लिहितो.

१६ डिसेंबर

मुन्शी घरी आले, माझा बोरू आणि शाईचा रुमाल परत द्यायला. सनद वाचली. साहेब त्यांना म्हणाला म्हणे, या महिनाभरात मी जेवढं शिकलो तेवढं त्या एका सकाळी शिकलो.

“सहाव्या महिन्याला पोचले ते,” मुन्शी म्हणाले. “महिनाभर आधीच.”

मला हसू आलं नाही. दारातून परत फिरून म्हणाले, “काल तुम्ही खोटं बोलून मला वाचवलंत. ओटीवर मला ते सोसवलं नाही. पण घरात सात माणसं, म्हणून गप्प राहिलो. हे तुम्हाला ठाऊक असावं.”

२३ डिसेंबर

काही करत नाही. तळ्याला फेऱ्या मारतो. आई विचारत नाही, ते जास्त लागतं.

‘ज्याने विचारायचं त्याने अजून विचारलेलं नाही.’ शंभरदा म्हणून पाहिलं. टोमणा आहे. नाही, टोमणा नाही. आहे. पत्र लिहावं तर सासरे वाचतील, मग ते तिला वाचून दाखवतील, आणि ओटीवरची फजिती पुन्हा घरभर. तिला स्वतःला वाचता येत असतं तर गोष्ट वेगळी.

२ जानेवारी १८८४

हौसाबाई. आज चेष्टा नाही. “लई ओरडलासा म्हनं.”

“तिने काय म्हटलं?”

“म्या काय दाराआड व्हते? येवढं खरं, त्या दिशी कलाताय जेवली नाय.”

“म्हणजे रडली?”

“आता पुन्हा तेच! न्हाय, रडली न्हाय. वकिलांनी हाक मारली तर म्हनली, मला येक ओळ पुरी करायचीय.” कसली ओळ ते तिला सांगता येईना. रांगोळीची असेल.

आणखी दोन पेन्सिली मागितल्या. दिल्या. कागदही मागितला, आणखी दोन पानं फाडली.

१२ जानेवारी, संक्रांत

सकाळी हौसाबाई तिळगुळाची पुडी देऊन गेली. “उघडून बघा, नुसतं खाऊ नका.”

पुडीचा कागद माझ्या वहीचा. आतल्या बाजूला अक्षरं होती. बोटभर मोठी, वरची रेघ कुठे चढलेली, कुठे पडलेली. एक शब्द खोडून पुन्हा काढलेला. आधी पेन्सिलीने पाटीवर किती वेळा गिरवला असेल कोण जाणे.

‘पेनसिली पोचल्या. बाबा शिकवतात. एक वरस लागेल. पुसतक पाठवा, मोठ्या अक्षराचं. मग काय विचारायचं ते मला विचारा. बाबांना नाही. साहेबाला नाही.’

मी पाटावर तसाच बसलो. आईने विचारलं, “काय लिहिलंय?” मी वाचून दाखवलं. तिने पदर डोळ्याला लावला आणि तिळगूळ माझ्या हातावर ठेवून आत गेली.

चार पेन्सिली. मी त्या हौसाबाईच्या नातवंडांना दिल्या होत्या. सासरे रोज आपल्या मुलीला अक्षरं गिरवायला बसवत होते आणि मी त्यांच्या खिडकीला गज बसवत होतो. आणि तो तांब्या! जावईबुवा म्हणाले होते ते.

फाटलेली कड वहीला लावून पाहिली. बरोबर जुळली.

दुपारपासून लिहायला बसलोय. गरीबपरवर, हुजूर, बंदगान-ए-आली, सगळे मायने मला पाठ आहेत. आपल्या बायकोला काय मायना घालतात ते कुणी शिकवलं नाही. पाच पानं फाडली. सहाव्यावर मायना घातलाच नाही. बोटभर अक्षरांत, सुटी सुटी, एकही जोडाक्षर न वापरता लिहिलं:

‘तुला काय हवं?’

पुस्तक उद्या बाजारातून आणीन. ते देऊन पाणी प्यायला मी स्वतः कल्याणला जाईन. राहिलेलं माफीचं पत्र, कॉलेजचं, त्यानंतर. कदाचित.

कागद पुन्हा वाचतो. शेवटच्या ओळीखाली तिने सही केली आहे. आधी क काढलाय, मग खोडलाय. मग त्याच्यापुढे, त्या घरात जे नाव कुणी उच्चारत नाही ते, सगळ्यात मोठ्या अक्षरांत: सुमती.